वाढ कोळशाची की विजेची?

कारखान्याचा धूर हीच देशाच्या भरभराटीची खूण, असा समज दीर्घकाळ रूढ होता. ज्या ब्रिटनने कोळशाच्या बळावर जगात प्रथम कारखानदारी उभारली, त्याच ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपले कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र बंद केले. १९९० ते २०२२ या काळात तेथील घातक वायूंचे उत्सर्जन निम्म्यावर आले. अर्थव्यवस्था मात्र सुमारे ८० टक्क्यांनी वाढली. जुना समज खोटा ठरला, असे म्हणण्याचा मोह यावरून होतो. परंतु पूर्वी देशात होणारा बराच माल ब्रिटन आता बाहेरून आणतो आणि त्या मालाचा धूर ब्रिटनच्या हिशेबात धरला जात नाही, हेही विसरता येत नाही.

जर्मनीचे उदाहरण नेमके उलट दिले जाते. २०२३ साली तेथे वापरलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज वारा, ऊन आदी अक्षय स्रोतांची होती आणि त्याच वर्षी अर्थव्यवस्था आकसली. पण हा दोष वाऱ्याचा नव्हे. जर्मन कारखाने रशियाच्या स्वस्त वायूवर विसंबून होते. २०२२ च्या युद्धाने तो आधारच तुटला. दुखणे परक्या इंधनाचे होते.

चीनने पवन व सौर विजेचे २०३० साठीचे १२ लाख मेगावॅटचे उद्दिष्ट २०२४ मध्येच गाठले. तरीही जगात जळणाऱ्या कोळशापैकी निम्म्याहून अधिक कोळसा तोच देश जाळतो. तात्पर्य, नवी वीज आली म्हणजे जुनी गेली, असे होत नाही.

भारताने यातून काय घ्यावे? जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेचा निम्मा वाटा बिगर-खनिज इंधनांचा झाला. हे यश मोठे आहे. मात्र प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत सिंहाचा वाटा अजूनही कोळशाचाच आहे, कारण सूर्य मावळल्यावरच घरोघरचे दिवे लागतात. पारेषण वाहिन्या अपुऱ्या पडल्याने २०२५ मध्ये राजस्थानात सौर वीज वाया घालवावी लागली. दुसरीकडे, दिवसा पाणी वर चढवून संध्याकाळी त्यावर वीज निर्माण करण्याची उदंचन पद्धत महाराष्ट्राला घाटघरच्या २५० मेगावॅटच्या प्रकल्पामुळे परिचित आहे. कोट्यवधी तरुणांना रोजगार हवा असलेल्या या देशाला ब्रिटनप्रमाणे कारखाने बाहेर धाडणे परवडणारे नाही. म्हणून यापुढील कसोटी किती मेगावॅट उभारले ही नसून, त्यांतली किती वीज रात्री गिरणीपर्यंत आणि घरापर्यंत पोचली, हीच असली पाहिजे.