उस्तादाची सही

शिकवणीला मुले मिळवण्याची धडपड आम्हां शिक्षकांना नवी नाही. अमेरिकेत विमान चालवायला शिकवणाऱ्या उस्तादांचीही तीच गत. तिथे परवानाधारक प्रशिक्षक कुठल्याही संस्थेची नोकरी न करता शिकवू शकतो. मात्र शागिर्द आला तरच रोजी! म्हणून तो हौशी माणसाला आधी ओळखीची एक फेरी घडवतो. जुन्या वैमानिकांनाही दर 24 महिन्यांनी उजळणी लागते. तेही त्याच्याकडे येतात.

त्याच्याकडे शिकणाऱ्याला खासगी परवान्यासाठी किमान 40 तासांचे उड्डाण हवे. त्यातच शागिर्दाला एकट्याने विमान न्यावे लागते आणि त्याआधी उस्तादाची लेखी सही लागते. खरी कसोटी इथेच. 'अजून तयारी नाही' म्हटले तर शागिर्द दुसरीकडे जाईल. घाईने सही केली तर जीव जाईल.

आम्हीही एकदा पालकांना 'सगळे ठीक आहे' असे गोड सांगितले होते. शिकवणी टिकली, पण मूल दहावीला मराठीत नापास झाले.

बहिणींनो, भावांनो, शिकवणी लावताना एवढेच विचारा, "आमच्या मुलाला काय येत नाही?" जो खरे सांगेल, त्याच्याच हाती मूल द्या.