स्थिर आकाराचा तास कोण घेणार?

एका विद्यापीठाच्या 'ऊर्जा आणि पर्यावरण' या नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा या आठवड्यात हाती पडला. पहिलं प्रकरण ऊर्जेचे प्रकार, दुसरं पारंपरिक आणि अपारंपरिक स्रोत, पुढे ओझोनचा थर, शेवटी शाश्वत विकास. शाळेत हेच शिकून आलेल्या पोरांना आता हेच श्रेयांक लावून शिकवायचं. मागे 'अध्ययन निष्पत्ती'चा तक्ता आहे, तो मात्र देखणा आहे.

पर्यावरण सगळ्यांना शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात सांगितलं १९९१ साली. युजीसीचा सहामाही अभ्यासक्रम यायला पुढे दहा-बारा वर्षं गेली. त्यासाठी पुण्याच्या डॉ. एराक भरुचा यांनी लिहिलेलं पुस्तक चांगलंच होतं, आणि शंभरातले २५ गुण क्षेत्रकार्याला होते. आपण त्या २५ गुणांची काय गत केली, हे कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला विचारा. तयार प्रकल्पवही मिळते, नाव तेवढं आपलं घालायचं.

आता या मसुद्याशेजारी वीज नियामक आयोगाची जनसुनावणी ठेवून बघा. २००३ च्या वीज कायद्यानुसार दर ठरवण्याआधी आयोगाला लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात. तिथे यंत्रमागवाले येतात, लघुउद्योजक येतात, वीजग्राहकांच्या बाजूने इचलकरंजीचे प्रताप होगाडे आकडे घेऊन उभे राहतात. होगाडेंचा जुना आरोप असा: मीटर नसलेल्या शेतीपंपांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरतात, तो फुगवतात आणि गळती त्याखाली झाकतात. आरोप खरा की खोटा, हे तपासायला फीडरवर किती युनिट गेले, किती पंप, रोज किती तास वीज, एवढं मांडावं लागतं. त्यात भूजल आलं, पीकपद्धती आली, अनुदान आलं, राजकारण तर आलंच. ऊर्जा आणि पर्यावरण यांची एवढी घट्ट सांगड मसुद्याच्या चारही प्रकरणांत मिळून नाही. आणि सुनावणीच्या टेबलावर असतात त्या वीजदराच्या याचिका म्हणजे वर्गात उघडून बसावं असं साहित्य. सुनावणीला कॉलेजची पोरं मला तरी कधी दिसली नाहीत. ती बहुधा त्या वेळी ओझोनच्या थरावर टीप लिहीत असावीत.

तिथवर जायचं नसेल तर घरचं बिल घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वर १६ टक्के वीज शुल्क. घरात दिवा लावला नाही तरी स्थिर आकार का द्यायचा? कारण वापरा वा न वापरा, वीजकेंद्रं आणि तारा उभ्या ठेवण्याचा खर्च चुकत नाही. हे ज्याला कळलं, त्याला दाभोळचा वीजप्रकल्पही कळेल. त्यासाठी एन्रॉन कंपनीशी १९९३ साली झालेल्या करारात मेख हीच होती: केंद्र सज्ज असलं की वीज घ्या वा घेऊ नका, क्षमतेचे पैसे मोजायचे, आणि त्यांची गाठ डॉलरशी. पुण्यातल्या 'प्रयास' या संस्थेचे गिरीश संत आणि त्यांचे सहकारी या कराराची आकडेमोड करत बसले, तेव्हा आपली विद्यापीठं काय करत होती? परिसंवाद घेत असतील. २००१ मध्ये राज्य वीज मंडळाला ही वीज घेणं थांबवावं लागलं. हे सगळं आपल्याच राज्यात, आपल्याच पैशांनी घडलं. मसुद्यात 'दाभोळ' हा शब्द नाही, चेर्नोबिल मात्र आहे.

मसुदा असा का, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: कार्यभार. भौतिकशास्त्राला इतके तास, भूगोलाला इतके, उरलेले पर्यावरणाला; त्या वाटणीतून प्रकरणं पडतात. वीजबिल कुठल्याच विभागाचं नाही, म्हणून ते शिकवायला कुणी नाही. आणि शिकवायचं ठरलंच, तर ते येणार तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाकडे. त्याला मोबदला तासाचा, दिवसभर सुनावणीत बसण्याचा नाही. तेव्हा श्रेयांक दोनाचे चार करण्याआधी विद्यापीठाने तो दिवस कार्यभारात धरावा आणि प्रवासभत्ताही द्यावा. वित्त समितीत हा विषय निघाला, की अध्ययन निष्पत्तीचा तक्ता करणारे किती जण बाजूने बोलतात, ते मला बघायचं आहे.