चेतक व्हर्सेस चेतक

नवी गाडी घ्यायची म्हटलं की आपण शोरूममधल्या दोन चकाचक मॉडेल्सची तुलना करतो. मायलेज, कलर, ईएमआय, विषय संपला! आमच्या घरी मात्र सध्या जी मॅच रंगली आहे, तिच्यात दोन्ही टीम्सचं नाव एकच आहे: चेतक. एकीकडे शेगावात बाबांच्या मित्राने विकायला काढलेली जुनी टू-स्ट्रोक, दुसरीकडे मी पुण्याहून सुचवलेली नवी इलेक्ट्रिक.

आधी जुनीचा बायोडेटा. ही स्कूटर आली १९७२ साली, नाव राणाप्रतापांच्या घोड्याचं. डाव्या मुठीत चार गियर, सोबत स्टेपनी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं आणि रुसली की तिरपी करून किकवर किक. ऐकायला मस्त, पण बाबांचा गुडघा आता पासष्टीचा आहे. शिवाय खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं. पुढे आरटीओत गाडी दाखवून ते ५-५ वर्षांनी वाढवायचं, वर पर्यावरण कर. म्हणजे सेकंडहँड बघताना इंजिनचा आवाज नंतर, आरसीवरची तारीख आधी!

नवी चेतक ऑक्टोबर २०१९ मध्ये जगासमोर आली आणि २०२० मध्ये रस्त्यावर. पत्र्याची बॉडी तीच, पण किक नाही, गियर नाही, ऑइल नाही. चक्क रिव्हर्स आहे!

हे सगळं मी फोनवर रंगवून सांगितलं. बाबांनी शांतपणे विचारलं, "अन् लाईन गेली तं? खामगावच्या रस्त्यावर बंद पडली तं कोन पाहीन?"

बॉस, प्रश्न सॉलिड होता. पुण्यात बसून मी फीचर्स मोजत होतो, ते रस्ता मोजत होते. मग आम्ही एक साधी गोष्ट केली. आठवडाभर बाबा कुठे कुठे गेले, ते त्यांनी वहीत लिहिलं. मंदिर, बाजार, स्टेशन सगळं गावातल्या गावात. खामगाव दोनदा, एका बाजूने जेमतेम १६-१७ किलोमीटर. अकोल्याला ते रेल्वेनेच जातात, शेगाव मुंबई-हावडा लाईनवरच आहे. म्हणजे रेंजचं टेन्शन वहीनेच मिटवलं. रात्री चार्ज केली की मधेच लाईन गेली तरी सकाळपर्यंत गावापुरती बॅटरी भरतेच.

उरला रिपेअरिंगचा मुद्दा. जुनीचा मिस्त्री कोपऱ्यावर, पण तिचं उत्पादन थांबून बरीच वर्षं झालीत, पार्ट शोधत फिरावं लागतं. नवीला पार्ट मिळतील, पण सर्व्हिस सेंटर किती लांब? बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, किती किलोमीटरची? हे दोन्ही लेखी घेतल्याशिवाय बुकिंग नाही, असं ठरलंय.

तुम्हीही आई-बाबांसाठी गाडी बघत असाल, तर ब्रोशरच्या आधी त्यांची आठवड्याची वही मागा. गाडी त्यांना चालवायची आहे, आपल्याला नाही.

आमच्याकडे सध्या स्कोअर नवीच्या बाजूने आहे. फक्त बाबांची एक अट आहे: "पैले मी चालवून पाहीन, मंग बोलू." अट मंजूर!