एम.ए. कशासाठी?

गेल्या महिन्यात फुलचूरला एका ओसरीवर आम्ही शिष्यवृत्तीचे अर्ज भरत बसलो होतो. ‘पदव्युत्तर शिक्षण घेण्यामागील उद्देश’ या रकान्यापाशी एक मुलगी अडली. बी.ए. झालेली, आई दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणीला जाते. म्हणाली, “म्याडम, खरं लिहू का? घरी बसलं का पाव्हणे येतेत पाहाले. एम.ए. चालू हाय म्हटलं का दोन वर्षं टळते.”

मी तिला ‘स्वावलंबनासाठी’ असं लिहायला सांगितलं. परतताना माझीच मला लाज वाटली.

आपण कार्यकर्त्याही अशा मुलींना मनातल्या मनात खालचा नंबर देतो. ज्ञानाची ओढ असलेली पहिली, नोकरीसाठी शिकणारी दुसरी, लग्न टाळणारी शेवटची. नोकरी नाही म्हणून एम.ए.ला नाव घातलेले मुलगे गोंदियाच्या कुठल्याही चौकात भेटतात. त्यांचा उद्देश कोण तपासतं?

इरावती कर्वे 1928 साली मुंबई विद्यापीठाच्या एम.ए. झाल्या आणि संशोधनासाठी जर्मनीला निघाल्या, तेव्हा विरोध सासऱ्यांचा होता. सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, 1916 साली महिला विद्यापीठ काढणारे! नवऱ्याने, दिनकररावांनी, साथ दिली म्हणून त्या बर्लिनला गेल्या. कर्व्यांच्या घरात ही गत, तर रोवणीवाल्या बाईच्या लेकीने एखादी सबब शोधली तर काय बिघडलं?

मी स्वतः एम.एस.डब्ल्यू.च्या मुलाखतीत ‘समाजसेवेची आवड’ असं ठणकावून सांगितलं होतं. खरं म्हणजे मला वसतिगृहात राहायला मिळणार होतं. काम आवडू लागलं ते पुढे, वस्तीत फिरताना.

काळजी आहे ती वेगळीच. फुलचूरहून कॉलेज सायकलच्या अंतरावर आहे, पण सालेकसा-देवरीकडच्या मुलीची एस.टी. चुकली की दिवस बुडाला. शासनाने 2024 साली काही प्रवर्गांतल्या मुलींची फी माफ केली, तीही व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती. साधं एम.ए. करणारी त्यात बसत नाही. आणि ही दोन वर्षं संपली की पाव्हणे पुन्हा दारात. तोवर तिच्या हाताला काम मिळालेलं असेल का? यावर आपल्या बैठकांत कधी बोलणं होत नाही.

तो अर्ज अजून माझ्या पिशवीत आहे. सोमवारी फुलचूरला जाईन तेव्हा तिलाच विचारून रकाना पुन्हा भरायचा आहे. खरं लिहिलं तर पैसे मिळतील की नाही, हेही तिला आधी सांगावं लागेल.