ब्लॅक टाय म्हणजे काळा टाय नव्हे

मार्च संपला की आयटी कंपन्यांमध्ये अवॉर्ड नाइटचा सीझन सुरू होतो. वर्षभर ज्यांच्या शनिवार-रविवारची वाट लावली त्यांना काचेचं एक पेपरवेट द्यायचं, त्याला ट्रॉफी म्हणायचं, आणि वर बुफे. माझी त्याला हरकत नाही. फुकटचा पनीर टिक्का कोणाला नको असतो? हरकत आहे ती निमंत्रणाच्या मेलमधल्या शेवटच्या ओळीला. यंदा आमच्याकडे ती ओळ अशी होती: 'ड्रेस कोड: जेन्ट्स - ब्लॅक टाय. लेडीज - ईव्हनिंग गाऊन. नो एथ्निक प्लीज.'

एवढ्याशा ओळीत इतके बग आहेत की टेस्टिंगवाल्यांनी ती पहिल्याच फेरीत परत पाठवली असती.

आधी साधा बग. आमच्या टीममधल्या निम्म्या पोरांनी ब्लॅक टायचा अर्थ लावला काळा टाय. म्हणजे नेहमीचाच, गळ्यापासून पोटापर्यंत लोंबणारा, फक्त रंगाने काळा. त्यात त्यांचा दोष नाही, शब्दाचा सरळ अर्थ तोच होतो. पण हे एका अख्ख्या पोशाखाचं नाव आहे. काळं डिनर जॅकेट, त्याच्या कॉलरला साटीनची चमक. पँटच्या बाहेरच्या शिवणीवरून खाली जाणारी साटीनची पट्टी, आणि त्या पँटला बेल्टचे लूप्सच नसतात, कारण बेल्ट घालायचाच नसतो. पांढरा खास शर्ट, त्याला नेहमीच्या बटणांऐवजी स्टड्स. कमरेला कमरबंद किंवा आत वेस्टकोट. काळे चकचकीत बूट. आणि गळ्यात काळा बो, तो हाताने बांधलेला असेल तर उत्तम. हे सगळं संध्याकाळी सहानंतर. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात मी मुद्दाम बघत होतो. अडीचशे माणसांच्या हॉलमध्ये ह्या वर्णनाच्या सर्वांत जवळ जाणारे पंधरा-सोळा जण होते, आणि ते सगळे हातात स्टार्टर्सचे ट्रे घेऊन फिरत होते.

तर मंडळी, ज्या गोष्टीला आपण फॉर्मलपणाचं एव्हरेस्ट समजतो तिची जन्मकथा मोठी मजेशीर आहे. १८६५ साली लंडनच्या सॅव्हिल रो मधल्या हेन्री पूल ह्या शिंप्याच्या दुकानाने प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, एक आखूड जॅकेट शिवलं. कशासाठी? तर घरच्या जेवणाला शेपटीवाला कोट घालून अवघडून बसावं लागू नये म्हणून! १८८६ च्या सुमारास ते न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्कमधल्या श्रीमंतांपर्यंत पोचलं आणि अमेरिकेत त्याला टक्सीडो नाव पडलं. म्हणजे हा मुळात राजपुत्राचा आराम करायचा पोशाख. खरा कडक पोशाख म्हणजे व्हाइट टाय. जुन्या इंग्रजी हिशेबात ब्लॅक टाय त्याच्या एक पायरी खालीच येतो. आपल्याकडे ती पायरी कळस म्हणून बसवली आहे.

आणि तो कमरबंद. शब्द फारसी, पण त्या पोशाखात तो गेला हिंदुस्थानातून. इथल्या उकाड्यात वेस्टकोट घालून जेवायला बसणं जमेना, म्हणून ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आपल्या लोकांच्या कमरेचं कापड उचललं. पुढे जिथे फारच गरम होतं तिथे त्यांनी जॅकेटसुद्धा काढून टाकलं, नुसता शर्ट आणि कमरबंद. त्याला 'रेड सी रिग' असं भारदस्त नाव दिलं की झाला नियम. उष्ण देशांसाठी पांढरं जॅकेट चालतं, ही पण त्यांचीच सोय. थोडक्यात काय, ज्यांचा हा नियम होता त्यांनी हवामान बघून तो खुशाल वाकवला. आम्ही मात्र एप्रिलमध्ये, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, भाड्याच्या पॉलिएस्टरमध्ये घामाघूम होऊन तो पाळणार.

पण माझा मुख्य मुद्दा उकाड्याचा नाही. ह्या असल्या निमंत्रणांना एक जुनी आणि सभ्य पुरवणी असते: 'ऑर नॅशनल ड्रेस'. किंवा तुमचा राष्ट्रीय पोशाख. परदेशी पाहुण्यांवर यजमानाने केलेली ही मेहेरबानी नव्हे, तो त्या नियमाचाच भाग आहे. ह्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण स्टॉकहोमचं. नोबेलच्या सोहळ्याला पुरुषांना व्हाइट टाय लागतो, ब्लॅकच्याही वरचा, आणि तिथेही राष्ट्रीय पोशाख चालतो. १० डिसेंबर २०१९ ला अभिजित बॅनर्जी तिथे स्वीडनच्या राजाकडून पदक घ्यायला गेले ते धोतर आणि काळा बंद गळ्याचा कोट घालून. एस्थर डफ्लो, ज्या फ्रेंच आहेत, त्या साडी नेसून. कोणी त्यांना 'सर, आज एथ्निक डे नाहीये' असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. (बॅनर्जींची आई मराठी बरं का, आणि त्यांचं मधलं नाव विनायक. आपण अभिमानासाठी एवढ्याशा धाग्यालाही लोंबकळतो, म्हणून सांगून टाकलं.) वर काळा कोट आणि खाली धोतर म्हटलं की मला तर आमच्या आजोबांचा ऑफिसला जातानाचा फोटो आठवतो. फरक इतकाच, की आजोबांच्या डोक्यावर टोपी असायची आणि हातात डबा.

आता आपल्या घरची परिस्थिती बघा. १९८८ साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबने एम. एफ. हुसेनना अनवाणी आहेत म्हणून आत घेतलं नव्हतं. २०१४ च्या जुलैमध्ये चेन्नईत तमिळनाडू क्रिकेट असोसिएशनच्या क्लबने मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हरिपरंधामन ह्यांना दारातून परत पाठवलं, कारण त्यांनी वेष्टी, म्हणजे धोतर नेसलं होतं. चेन्नईत, तमिळ माणसाला, वेष्टीसाठी! तमिळनाडू सरकारने महिन्याभरात कायदाच करून टाकला, की वेष्टी किंवा दुसरा भारतीय पारंपरिक पोशाख घातला म्हणून क्लबने कोणाला अडवायचं नाही. स्वीडनच्या राजाला जे कळतं ते आपल्या क्लबांना शिकवायला विधानसभा भरवावी लागते.

(गांधीजी आणि बकिंगहॅम पॅलेसचं उदाहरण मी मुद्दाम देत नाहीये. ते आपल्यापैकी कोणालाच झेपणारं नाही.)

बरं, 'एवढं काय मनाला लावून घेतोस, एका रात्रीचा प्रश्न आहे' असं म्हणणारे मित्र मला आहेत. त्यांच्यासाठी यंदाचा किस्सा सांगतो. आमच्या टीममध्ये दोन वर्षं अनुभव असलेला एक मुलगा आहे, परभणी जिल्ह्यातला. डिसेंबरमध्ये रात्री तीन वाजता क्लायंटचं बिलिंग बसलं तेव्हा ह्या पोराने एकट्याने सकाळी सातपर्यंत ते उभं केलं. त्याबद्दल त्याला अवॉर्ड जाहीर झालं. आठवडाभर आधी मला म्हणाला, "दादा, मी नाही येत, रूमवर जरा काम आहे." खोदून विचारलं तेव्हा कळलं. टक्सीडोचं एका रात्रीचं भाडं साडेतीन हजार, डिपॉझिट पाच हजार, बूट वेगळे. पगारातला मोठा भाग घरी जातो. पण त्याच्याकडे कोट होता! भावाच्या लग्नात परभणीच्या टेलरने शिवलेला काळा जोधपुरी, म्हणजे तोच तो बंद गळ्याचा कोट. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. अंगाला असा चोख बसलेला की आमच्या डायरेक्टरचे कोट त्याच्यापुढे पोती वाटावेत.

मी एच.आर.ला विचारलं, हा चालेल ना? उत्तर आलं, "अरे, एथ्निक आपण दिवाळीला करतोच की." मी नॅशनल ड्रेसचा नियम लिहून पाठवला, स्टॉकहोमचे फोटो पाठवले. त्यावर एक स्मायली आली. तो मुलगा आला नाही. त्याचं पेपरवेट मॅनेजरने स्वीकारलं. भाड्याच्या जॅकेटच्या बाह्या त्याच्या बोटांपर्यंत आल्या होत्या. आणि मी? मी बंद गळ्याचाच कोट घालून गेलो होतो. दारावरच्या मुलीने यादीत नाव आणि हुद्दा बघितला आणि हसून म्हणाली, "वेलकम सर." चौदा वर्षांच्या अनुभवापुढे ड्रेस कोड वाकतो. दोन वर्षांच्या अनुभवापुढे तो ताठ उभा राहतो. हे मनाला लावून घ्यायचं नाही तर काय लावून घ्यायचं?

माझा खरा राग 'एथ्निक' ह्या शब्दावर आहे. कोट-टाय घातला की फॉर्मल, आणि ज्या कपड्यात आपल्या घरची लग्नं लागतात, राष्ट्रपती भवनात लोक सन्मान घ्यायला जातात, ते एथ्निक. वर्षातून एक दिवस, रांगोळी स्पर्धेच्या शेजारी, फोटो बूथसमोर घालायचे. आपलेच कपडे आपल्यालाच फॅन्सी ड्रेस म्हणून परत दिले आहेत, आणि आपण सेल्फी काढून थँक यू म्हणतोय.

इथे काही उत्साही मंडळी म्हणतील, मग ड्रेस कोडच नको, जीन्स-टीशर्टवर येऊ दे सगळ्यांना. नाही हो! मी त्या बाजूचा अजिबात नाही. यजमानाने जेवायला बोलावलंय, कोणाचा तरी सन्मान होतोय, तर पाहुण्याने थोडे कष्ट घेऊन यावं. जीन्स घालून येणारा मला बंडखोर वाटत नाही, आळशी वाटतो. तसंच दुसऱ्या टोकाला, राष्ट्रीय पोशाख चालतो म्हणून लग्नातली मरून शेरवानी, त्यावर टिकल्या आणि जरीचं कमळ, हेही नको. ब्लॅक टायची एक गोष्ट मला मनापासून आवडते: त्यात सगळे पुरुष एकसारखे दिसतात. सीईओ काय आणि सेल्समन काय, काळं-पांढरं. कपड्यावरून पाकिटाचा अंदाज येऊ नये असा बेत. त्या बेतात साधा काळा बंद गळा चपखल बसतो, शेरवानी घातलेला नवरदेव बसत नाही. गुलाबी जाकीट आणि कुर्ता-पायजमाही नाही. तो मित्राच्या साखरपुड्याला ठीक.

तेव्हा ज्यांना अशी मेल आली आहे त्यांनी काय घालायचं? काळा किंवा अगदी गडद निळा बंद गळ्याचा कोट. चमक नको, भरतकाम नको, बटणं कापडाच्याच रंगाची. आत पांढरा शर्ट, कॉलरची कड बोटाच्या पेराएवढीसुद्धा वर दिसू नये. पँट काळी, बूट काळे, पॉलिश स्वतः केलेलं. खिशात पांढरा रुमाल. बस्स. कोणी आक्षेप घेतलाच तर शांतपणे म्हणायचं, 'हा नॅशनल ड्रेस आहे,' आणि आत चालायला लागायचं. धोतर नेसायची हिंमत आणि सवय दोन्ही असेल तर माझा आधीच नमस्कार घ्या. हॉटेलचा कॅप्टन समजतील अशी भीती वाटते? बो बांधलात तर वेटर समजतात. बढतीच आहे की.

बायकांचं काय, असं माझ्या एका सहकारिणीने विचारलं. तिला म्हटलं, तुम्ही ही लढाई कधीच जिंकून बसला आहात, कारण तुम्ही असल्या मेल वाचतच नाही. साडी कुठल्याही दरबारात चालते हे जगाला माहीत आहे, एक आमच्या एच.आर.ला सोडून. ती त्या रात्री आईची संक्रांतीची काळी चंद्रकळा नेसून आली. एरवी समारंभाला काळं नको म्हणणारी आपली मराठी घरं वर्षातून एकदाच काळ्याला मान देतात, आणि तीच साडी ब्लॅक टायच्या रात्री कामी आली. अडीचशे माणसांत ड्रेस कोडचं मर्म कोणाला कळलं होतं म्हणाल तर तिला.

राहता राहिला खर्च. भाड्याचं जॅकेट एका रात्रीत परत जातं. बंद गळ्याचा कोट भावाच्या लग्नाला, चुलत बहिणीच्या रिसेप्शनला, ऑनसाइटच्या डिनरला, झालंच तर स्वतःच्या लग्नातही चालतो, पोट आवरलंत तर. तयार घेऊ नका, खांद्यात हमखास फसतो. पेठेतला असो की गावाकडचा, ओळखीचा टेलर गाठा आणि दोन ट्रायल मागा. आणि दिवाळीच्या आधी कापड टाका. एकदा लग्नसराई लागली की ही मंडळी फोन उचलत नाहीत.