तिखट कमी करा, चव मात्र राहू द्या

घरातल्या मोठ्या माणसाला डॉक्टरांनी “तिखट कमी करा” असं सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात एकच गोष्ट होते. रश्श्यात जिथे दोन चमचे तिखट पडायचं, तिथे अर्धाच चमचा पडतो. मग वाटीत जे येतं ते पाहून आजोबा म्हणतात, “हे काय, आजाऱ्याचं जेवण?” रंग फिका, वास नाही, दाटपणा नाही. चार दिवसांत दोन पातेली चढू लागतात. एक आजोबांचं आणि लहान नातवाचं, दुसरं बाकीच्यांचं. इथे वैशाली नगरात काय, सुपेल्यात काय किंवा सेक्टरमधल्या क्वार्टरांत काय, ज्या मराठी घरांची मुळं नागपूर-भंडाऱ्याकडची आहेत त्यांना हे नवीन नाही. आपल्याकडे रस्सा चांगला झाला की नाही, हे घाम किती आला त्यावर ठरतं!

खरी अडचण वेगळीच आहे. त्या एका चमच्याकडून आपण तीन कामं करून घेत होतो: रंग, वास आणि जाळ. चमचा कमी केला की तिन्ही एकदम जातात. आपल्या भाषेनंही ही सरमिसळ पक्की करून टाकली आहे. शेजारच्या छत्तीसगढी घरात पुडीला ‘पिसी मिर्च’ म्हणतात, म्हणजे वस्तूचं नाव. आपण तिला ‘तिखट’ म्हणतो, जणू तिच्यात दुसरं काही नाहीच.

जाळ ज्यामुळे होतो त्या द्रव्याचं नाव कॅप्सेसिन. त्याला ना वास, ना चव. जिभेवरच्या ज्या नसांना चटका कळतो, त्यांनाच ते चेतवतं, म्हणून तोंड पोळल्यासारखं वाटतं. ही यंत्रणा शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. मिरचीचा तिखटपणा मोजण्याची पद्धत तर त्याच्याही खूप आधीची, १९१२ मधली. अमेरिकेतले विल्बर स्कोव्हिल मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचे, चाखणाऱ्याला जाळ जाणवेनासा होईपर्यंत. आज ‘इतके स्कोव्हिल’ म्हणून जो आकडा सांगतात तो यातूनच आला. त्यातून जाळ कळतो, मिरची खमंग आहे की नाही हे अजिबात कळत नाही.

हे द्रव्य मिरचीत सगळीकडे सारखं नसतं. बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात ते सर्वांत जास्त. बियांना तिखटपणा येतो तो त्या गाभ्याला लागून. रंग आणि बराचसा सुगंध मात्र सालीत. म्हणजे सुकी मिरची मधोमध चिरून गाभा आणि बिया झटकून टाकल्या, तर जाळ निम्म्याहून खाली येतो आणि बाकीचं जवळपास सगळं हाती राहतं. बिया भाजताना लवकर करपतात आणि कडवट होतात, त्यामुळे त्या गेल्या तर नुकसान काहीच नाही. हे काम करताना हाताला तेल लावा. आणि नंतर डोळ्यांना हात लावू नका, हे सांगायला नको, तरी सांगते.

दुसरी गोष्ट मिरचीची निवड. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली बेडगी सुरकुतलेली, गडद लाल, जाळ बेताचा. तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आंध्रातली गुंटूर तिच्यापेक्षा बरीच तिखट. संकेश्वरी या दोघींच्या मधली. लवंगी चिमुकली पण जहाल. आणि आपल्या नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी, तिलाही मानांकन आहे, गावाकडून येणाऱ्या पिशवीत मिळाली तर नशीब. वर्षाचं तिखट एकाच मिरचीचं करणं मला पटत नाही. किलोभर करायचं असेल तर ६०० ग्रॅम बेडगी, ३०० ग्रॅम संकेश्वरी किंवा भिवापुरी आणि १०० ग्रॅम गुंटूर घ्या. सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात मिरची घेताना रंगाला भुलू नका. मोडून वास घ्या. वास येत नसेल तर ती फक्त पोळेल. चक्कीवाल्याला सांगा, थोडं थोडं दळ. तिखट फार तापलं की सुगंध तिथेच उडतो. घरी आणल्यावर ताटात पसरून पूर्ण गार करा, मगच बरणीत भरा.

मेक्सिकोत हेच काम फार बारकाईने करतात. एकाच पदार्थात दोन-तीन जातींच्या सुक्या मिरच्या, एक रंगाला, एक मनुकांसारख्या गोडसर वासाला, एक जाळाला. पिकलेली हालापेन्यो मिरची धुरावर सुकवून चिपोत्ले करतात, तीही मुख्यतः त्या धुरकट चवीसाठी. आपल्याकडची सांडगी मिरची आठवा. धणे-मेथीची पूड भरलेली, दह्यात मुरलेली, उन्हात वाळलेली आणि तेलात तळून काळपट झालेली. तिच्यातला जाळ किती, हे खाताना कोण विचारतं? इथली पताल चटणीही तशीच. विस्तवावर भाजलेले टोमॅटो, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, सगळं पाट्यावर वाटलेलं. टोमॅटोची आंबटगोडी मिरचीला सांभाळून घेते.

आता पाटवडीचा रस्सा, चौघांसाठी. आठ बेडगी मिरच्या गाभा-बिया काढून मंद आचेवर मिनिटभर परता. खमंग वास आला की लगेच उतरवा, काळी पडली तर ती टाकून द्या. वीस मिनिटं गरम पाण्यात भिजवा. दोन कांदे उभे चिरून तेलात चांगले तपकिरी होईपर्यंत भाजा. इथे घाई नको, दहा-बारा मिनिटं लागतातच आणि रश्श्याची निम्मी चव इथेच तयार होते. मग अर्धी वाटी सुकं खोबरं, एक चमचा खसखस, दोन चमचे धणे, अर्धा चमचा जिरं, दोन लवंगा, चार मिरे, चिमूटभर दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजा. सात-आठ लसूण पाकळ्या आणि बोटभर आलं घालून मिरच्यांसकट बारीक वाटा. चार मोठे चमचे तेल तापवून हे वाटण तेल सुटेपर्यंत परता. मिरचीचा रंग पाण्यात नाही, तेलात उतरतो, म्हणून इथे तेलात फार काटकसर केली तर रस्सा पिवळट दिसतो. चार वाट्या गरम पाणी, मीठ, सुपारीएवढा गूळ घाला आणि मंद आचेवर वीस मिनिटं उकळू द्या. दोन आमसुलं शेवटी. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांच्यासाठी आमसूल वगळा आणि मिरेही दोनच घ्या, कारण आंबटही काहींना बाधतं. तेल किती चालेल हेही त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. बेसनाच्या वड्या नेहमीसारख्या थापून तयार ठेवा, वाढताना वाटीत सोडा. रस्सा उतरवल्यावर तासभर झाकून ठेवलात तर जास्त चांगला लागतो.

जाळ शेवटी, आणि वेगळा. लहान कढईत तीन चमचे तेल तापवा, गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा. मग एक चमचा गुंटूरचं तिखट आणि दोन ठेचलेल्या लसूण पाकळ्या घाला, वरून चमचाभर रस्सा. तेल कडकडीत असताना तिखट टाकलं तर ते क्षणात करपतं आणि पूर्ण घर खोकतं. ही तर्री वाटीत काढून ताटांच्या मध्ये ठेवा. ज्याला हवी त्याने आपल्या वाटीत चमचाभर घ्यावी. सावजी रश्श्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांनी तीन घ्यावी. पातेलं एकच राहतं. आजोबा आणि नातू त्याच पातेल्यातलं जेवतात, फक्त तर्रीला हात लावत नाहीत.

नातवाने चुकून लावलाच, तर त्याला पाणी देऊ नका. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतं. दोन चमचे दही किंवा थोडं दूध द्या आणि पाच मिनिटं थांबा. पुढच्या वेळी तर्रीची वाटी त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.