डुकरं कंपनीची, कर्ज शेतकऱ्याचं

एप्रिल २०२०. कामगारांमध्ये कोरोना पसरल्याने अमेरिकेच्या आयोवा राज्यातले मोठे मांसप्रक्रिया कारखाने बंद पडले आणि विक्रीला तयार डुकरं शेडमध्येच अडकली. रोज खाद्य लागतंय, वजन वाढतंय, उचलणारं कोणी नाही. काहींना ती मारून टाकावी लागली. त्याच महिन्यात सरकारने १९०० कोटी डॉलरची मदत जाहीर केली. त्यातले १६०० कोटी थेट शेतकऱ्यांना. अर्ज काउंटीच्या शेती कार्यालयात. शेडमध्ये शिल्लक असलेल्या प्रत्येक डुकरामागे १७ डॉलर. म्हणजे डुकरं जास्त त्याला पैसे जास्त, माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत. छोट्यांच्या पदरात काय पडलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

आम्हाला खटकलं ते मात्र दुसरंच. शेड शेतकऱ्याची, बँकेचं कर्ज त्याच्या डोक्यावर, पण डुकरं कंपनीची, असे करारावर पाळणारे तिथे पुष्कळ. मालकी नाही, म्हणून पहिल्या फेरीत त्यांना छदामही नाही. त्यांच्यासाठी तरतूद व्हायला डिसेंबर उजाडला. आपल्याकडेही त्याच एप्रिलमध्ये पीएम-किसानचे २००० रुपये खात्यात आले, पण ज्याच्या नावे जमीन त्याच्याच. बटाईने कसणारा, ज्याचं नाव सातबाऱ्याच्या मालकी रकान्यात कधी लागलंच नाही, तो कोरडाच राहिला. आणि खतं-बियाण्यांची उधारी तर त्याच्याच नावावर असते! या अंकातले लेख अशाच शेतकऱ्यांविषयी आहेत.